दुरुस्तीपूर्वीचं वाचन

वजनाला बोट लावायचं नाही. चिमट्याने उचलायचं. बोटाच्या घामालाही वजन असतं.

*

नऊ तासांवरच्या एका शहरात, मालवाहतुकीच्या ऑफिसच्या वर, एक खोली झाडूनपुसून ठेवली आहे. तिची खिडकी ट्रक उभे करायच्या आवारावर उघडते.

*

डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायचं बटण उजवीकडून तिसरं.

*

चाळिशी उलटली तरी धाकट्या बहिणीला घरात छोटीच म्हणतात.

*

'या आठवड्यात तुमचं प्रोफाइल तीन जणांनी पाहिलं.' त्यांतली एक बायको, एक मुलगी. तिसरा विमा विकणारा.

*

तर ते प्रोफाइल तोळ्यांचं. तोळे हे काही त्यांचं आडनाव नव्हे, प्रयोगशाळेत चिकटलेलं नाव. बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: लोकांचे वजनकाटे खरं बोलतात की नाही ते बघणं. औषध कारखान्यांचे काटे, बेकऱ्यांचे काटे, तान्ही बाळं तोलायचे दवाखान्यांचे काटे. काटा आला की तोळे त्यावर प्रमाण वजनं ठेवायचे, तो काय सांगतो ते लिहायचे, बिघडला असेल तर ताळ्यावर आणायचे, पुन्हा वजनं ठेवायचे, पुन्हा लिहायचे. दाखल्यावर दोन रकाने असत. दुरुस्तीपूर्वीचं वाचन आणि दुरुस्तीनंतरचं वाचन. पहिला रकाना कोरा असलेला दाखला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडत नसे.

एखादं गिऱ्हाईक कुरकुरायचं. "आता नीट झालाय ना? मग आधीची भानगड कशाला लिहिता? आमची अब्रू जाते."

"काटा नीट झाला," तोळे म्हणायचे. "मागचे सहा महिने त्याच्यावर जे तोललंत, ते नीट झालं नाही. ते कितीने चुकलंय हे तुम्हाला कळायला नको?"

गिऱ्हाईक दाखला घडी करून खिशात टाकायचं आणि जायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तोळ्यांकडेच यायचं.

जानेवारीत मालक थकले आणि प्रयोगशाळा बंद झाली. तोळे एक्कावन्न वर्षांचे. आधी वाटलं, महिनाभरात कुठेतरी लागू. मग वाटलं, दोन महिन्यांत. जुलै उजाडला तेव्हा वाटणं बंद झालं होतं. घरातला प्रत्येक कडीकोयंडा मात्र तेलपाणी होऊन लोण्यासारखा सरकत होता.

मोठ्या भावाचा फोन आला.

"धाकट्या, किती दिवस घरात पडदे सारखे करत बसणार? माझ्याकडे ये. टेबल आहे, वर खोली आहे. मालाच्या पावत्या लिहायच्या. एक तारखेला येतोस की दुसरा माणूस बघू?"

"दादा, इथे हिची नोकरी आहे, पोरीचं परीक्षेचं वर्ष आहे…"

"मग त्यांना कुठे उचलून आणायला सांगतोय? तू ये. महिन्यातून एकदा घरी जा. आणि काट्याची एवढी हौस असेल तर माझ्याकडेही आहे की एक! अख्खा ट्रक तोलतो. दहावीस किलो इकडेतिकडे, कोण बघतंय?"

दादा मनापासून हसला. तोळ्यांनाही हसावं लागलं. फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे होते. एक तारखेला अठरा दिवस होते.

बायकोने त्याच दुपारी बहिणीला फोन लावला. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका. थेंब घालताना रुग्णाने डोळा मिटला तर ती जशी बोटाने पापणी उघडते, तशी ती घरातल्याही गोष्टी उघडायची. "छोटे, तुझं कामच आहे ना माणसं निवडायचं? मग तुझ्या भावोजींना कुणीतरी निवडेल असं काहीतरी कर."

छोटी मंगळवारी सकाळी अकराला लॅपटॉप घेऊन हजर झाली. एका मोठ्या कंपनीत ती माणसं भरती करायची. शेकडो अर्ज तिच्या नजरेखालून जायचे.

"कामाच्या दिवशी कशी आलीस?" तोळ्यांनी विचारलं.

"रजा साठल्यात हो, वाया जातील. दाखवा तुमचं प्रोफाइल." तिने पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "भावोजी! हा फोटो आहे की पोलिसांनी काढलाय?"

"ओळखपत्राचा आहे."

"दिसतंय. आणि हे काय? 'वजनकाटे तपासतो.' संपलं? बावीस वर्षं आणि दोन शब्द?"

"तेच करतो ना पण."

"करता हो. पण माझ्यासारखी बाई एका प्रोफाइलवर सहा सेकंद थांबते. सहा! तेवढ्यात तिला वाटायला हवं, की हा माणूस हातचा जाता कामा नये." तिने बाह्या वर केल्या. "आणि नोकरी शोधतोय अशी खूण का नाही लावली?"

"जुने सगळे बघतात. बरं दिसत नाही."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? लावा खूण."

मंगळवार आणि गुरुवार, दोन दिवस ती खपली. मुलीने बाबांना पांढऱ्या भिंतीपुढे उभं करून नवा फोटो काढला आणि छोटीने उजवीकडचं तिसरं बटण दाबून डोळ्यांखालची वर्तुळं घालवली. 'वजनकाटे तपासतो' गेलं, 'अचूकतेचा ध्यास घेतलेला मापनतज्ज्ञ' आलं.

"ध्यास?" तोळे म्हणाले.

"ध्यास."

"मला सवय आहे. ध्यास कधी नव्हता."

"सवयीला पगार देत नाहीत, भावोजी. हाताखाली किती माणसं होती?"

"एक. अर्धा दिवस यायचा."

तिने लिहिलं, 'संघाचं नेतृत्व'. छंद विचारला, तोळ्यांनी विचार करून सांगितलं, की नाही. तिने 'गिर्यारोहण' लिहिलं. "अगं, मी शाळेत असताना एकदा टेकडीवर गेलो होतो!" "गेला होतात ना? मग!" बायको आतून हसत होती. मधल्या सहा महिन्यांपाशी छोटीची बोटं थांबली.

"इथे रिकामं ठेवता येत नाही," ती जरा हळू म्हणाली. "रिकामी जागा दिसली की आम्ही पुढचं वाचतच नाही. काय करत होता म्हणून सांगू?"

"घरी होतो."

"'स्वतंत्र सल्लागार'," ती लिहीत म्हणाली. "सगळे हेच लिहितात. लाज वाटून घेऊ नका."

तोळ्यांना तो शब्द खटकला. तिच्या कष्टांकडे बघून बोलवेना. संध्याकाळी ती गेली तेव्हा त्यांनी तिला कोपऱ्यावरच्या बस थांब्यापर्यंत सोडलं, परत आले, चहा केला आणि लॅपटॉपपुढे बसले. प्रोफाइल चकचकीत दिसत होतं. काहीतरी राहिलं होतं. दिवा चालू ठेवून घराबाहेर पडल्यासारखं. मग लक्षात आलं काय राहिलंय, आणि अर्ध्या तासात त्यांनी ते पुरं करून टाकलं. मन निवांत झालं.

*

या आठवड्यात तुमचं प्रोफाइल अठ्ठावन्न जणांनी पाहिलं.

*

शुक्रवारी दुपारी एका औषध कारखान्याच्या भरती विभागाकडून निरोप आला: सोमवारी साडेअकराला मुलाखतीला या. कारखाना घरापासून बसने चाळीस मिनिटांवर. त्यांच्या प्रयोगशाळेत दोनशेवर काटे होते.

बायकोने तो निरोप दोनदा मोठ्याने वाचला. मुलीने मावशीला फोन लावून ओरडून सांगितलं. "बघितलंत?" पलीकडून छोटी ओरडली. "सहा सेकंद!"

शनिवारी सकाळी दुसरा निरोप आला. 'आपल्या प्रोफाइलमधील मजकूर लक्षात घेता सोमवारची मुलाखत रद्द करण्यात येत आहे. शुभेच्छा.'

छोटी तासाभरात आली. चप्पलही नीट काढली नाही. "कोणता मजकूर? मी एक अक्षर चुकीचं लिहिलेलं नाही. काय बघितलं त्यांनी?" ती प्रोफाइल खाली खाली सरकवत गेली. फोटो, ध्यास, नेतृत्व, शिक्षण, आणि अगदी तळाशी, जिथे ती काही लिहून गेली नव्हती, तिथे हे होतं:

हे प्रोफाइल गुरुवारी दुरुस्त करण्यात आले. नोंदी पुढीलप्रमाणे.

छायाचित्र. दुरुस्तीपूर्वी: डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दुरुस्तीनंतर: नाहीत. (चेहऱ्यावर अजून आहेत.)

ओळख. दुरुस्तीपूर्वी: वजनकाटे तपासतो. दुरुस्तीनंतर: मापनतज्ज्ञ, ध्यास.

नेतृत्व. दुरुस्तीपूर्वी: एक सहायक, अर्धवेळ. दुरुस्तीनंतर: संघ.

संभाषणकौशल्य. दुरुस्तीपूर्वी: विचारलं तर बोलतो. दुरुस्तीनंतर: प्रभावी.

छंद. दुरुस्तीपूर्वी: नाही. दुरुस्तीनंतर: गिर्यारोहण. (एक टेकडी. इयत्ता आठवी.)

जानेवारी ते जुलै. दुरुस्तीपूर्वी: घरी. दुरुस्तीनंतर: स्वतंत्र सल्लागार.

दुरुस्ती करणार: मेहुणी, भरती क्षेत्रात सोळा वर्षांचा अनुभव. पुढील तपासणी: एक वर्षाने.

छोटीने मान वर केली.

"हे कधी लिहिलंत?"

"गुरुवारी. तू गेल्यावर. ते राहिलं होतं."

"राहिलं होतं!" छोटीचा आवाज चिरकला. "भावोजी, तुम्ही नोकरी शोधताय की स्वतःवर खटला भरताय? अहो, शत्रूसुद्धा एवढं लिहिणार नाही!"

"आधीचं लिहिल्याशिवाय दाखला बाहेर जात नाही, छोटे. हात आपोआप…"

"हा दाखला नाही! आणि तुम्ही काटा नाही!" तिने लॅपटॉप फिरवून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि मला कशाला ओढलंत यात? मेहुणी म्हणे, सोळा वर्षं म्हणे! तुमच्याशी जोडलेली मेहुणी कोण, हे शोधायला कितीसा वेळ लागतो? माझ्या लाइनीतली माणसं बघतात हे. उद्या मी कुणाच्या दारात गेले, तर म्हणतील, हीच ती, खोटं लिहून देणारी!"

"तू कशाला कुणाच्या दारात जाशील?"

छोटीने लॅपटॉप मिटला. पर्स उचलली.

"अगं, चहा तरी घे," बायको म्हणाली.

"नको ताई. यांना पाज. तळाशी किती साखर राहिली तेही लिहून ठेवतील."

दार आपटून गेली. तेल दिलेल्या बिजागरीने काही आवाज केला नाही. आवाज सगळा चौकटीचा.

तोळे खुर्चीत बसून राहिले. बायको समोर येऊन बसली.

"मी तिचा विचारच केला नाही," ते म्हणाले. "सही करणाऱ्याचं नाव लागतं म्हणून लिहिलं."

"माझाही केला नाहीत," बायको म्हणाली. रागाने नाही, थेंब घालायच्या आवाजात. "मी एक तारखेपासून रात्री कुणाशी भांडू?"

मग त्यांनी ती यादी काढून टाकली. नुसतं छोटीचं नाव काढता आलं असतं, पण दुरुस्ती कुणी केली ते नसलेली नोंद ठेवण्यापेक्षा नोंदच नसलेली बरी. एकेक ओळ निळी झाली आणि गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून पहिला रकाना कोरा गेला. त्याचं वाईट वाटायला हवं होतं. त्या दिवशी त्याहून मोठं दुसरं होतं. त्यांनी छोटीला निरोप पाठवला, 'काढलं. चुकलो.' तिने तो पाहिला. 

रविवारी तोळ्यांनी माळ्यावरून बॅग काढली. पुसून उन्हात ठेवली. मुलगी दारातून बघत होती.

"बाबा, तिकडे तुम्ही जेवणार काय?"

"दादाच्या ऑफिसशेजारी खानावळ आहे म्हणे."

"तुम्हाला बाहेरचं खपत नाही."

"खपेल," ते म्हणाले. मुलगी आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिली.

सोमवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला. छोटी.

"इस्त्रीचा शर्ट आहे?"

"कशाला?"

"साडेअकराला पोचायचंय. कारखान्यात. ताईला सांगा, निळा द्यायला. पांढऱ्यात तुम्ही आजारी दिसता. काही विचारत बसू नका, बस चुकेल." आणि ठेवला.

*

मुलाखत घ्यायला भरती विभागाचं कुणी नव्हतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई एकट्याच बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, पांढरा कोट, चष्मा कपाळावर. पुढे एक छापलेला कागद होता. तोळ्यांनी लांबूनच ओळखला. त्यांची यादी.

"ही प्रोफाइलवरून गेली," त्यांनी चाचरत सांगितलं. "मी काढून टाकली."

"मला ठाऊक आहे. ही फोनवरून आली." बाईंनी चष्मा खाली घेतला. "शनिवारी दुपारी आमच्या भरती विभागात एका बाईंचा फोन आला. वीस मिनिटं बोलत होत्या म्हणे. म्हणाल्या, तुम्ही एका प्रोफाइलवर सहा सेकंद थांबता, मीही सोळा वर्षं तेच केलं, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. पण हा कागद तुम्ही वाचायचा नाही, तुमच्या प्रयोगशाळेत वाचायला द्या. आणि यादीचा फोटो पाठवला. आमच्या तिथल्या पोरीने विचारलं, आपण कोण? तर म्हणाल्या, दुरुस्ती करणार मीच. नाव, आडनाव, फोन नंबर, सगळं दिलं."

 तोळ्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"टेकडी किती उंच होती?" बाईंनी विचारलं.

"फारशी नाही. वर पाण्याची टाकी होती."

बाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुन्हा कपाळावर गेला. "जानेवारी ते जुलै, घरी. काय केलंत?"

"बिजागऱ्यांना तेल दिलं. मुलीची सायकल दुरुस्त केली. स्वयंपाकघरातला काटा तीनदा तपासला."

"मग?"

"किलोमागे चार ग्रॅम जास्त दाखवतो."

"दुरुस्त केलात?"

"नाही. हिला त्याची सवय आहे. काटा सुधारला तर हिचा हात चुकेल. वर चिठ्ठी लावलीय."

आता मात्र त्या हसल्या. मग गंभीर झाल्या आणि सरळ विचारलं, "माझ्याकडचा एक काटा गेल्या महिन्यात दुरुस्त होऊन आला. पहिला रकाना कोरा. दुरुस्त करणारा म्हणतो, फारसा फरक नव्हता. तुम्ही काय कराल?"

"आधीची तपासणी कधीची?"

"सहा महिन्यांपूर्वीची."

"मग त्या सहा महिन्यांत त्याच्यावर तोललेलं सगळं बाजूला काढायला सांगेन. फारसा म्हणजे किती, ते कळेपर्यंत."

"ते मी सांगितलं. तेव्हापासून इथे माझ्याशी कुणी नीट बोलत नाही." त्यांनी कागद उलटा ठेवला. "जागा सहायकाची आहे. एक वर्षाचा करार. तुमच्यावरची प्रमुख मी नाही, एक एकोणतीस वर्षांची मुलगी आहे. हुशार आहे, पण हातमोजे विसरते. तुमच्या आधीच्या जागेपेक्षा खालची जागा आहे, हे मी झाकत नाही."

"चालेल," तोळे म्हणाले. मग वाटलं, हे फार लवकर झालं. "वर्षानंतर?"

"पुढील तपासणी एक वर्षाने," बाई म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलंय."

*

फाटकाबाहेर बस थांब्यावर सावली नव्हती. तोळ्यांनी आधी बायकोला फोन केला. ती रुग्णांत होती, "बरं, बरं" एवढंच म्हणाली आणि तिसऱ्या "बरं"ला तिचा आवाज फुटला. मग दादाला.  "मग खोलीत टायर ठेवू म्हणतोस?" "ठेव, दादा." "तू असतास तर बरं वाटलं असतं रे," दादा म्हणाला. असं काही तो जन्मात कधी बोलला नव्हता.

शेवटी छोटीला.

"पद काय?" तिने पहिला प्रश्न विचारला.

"सहायक."

"'वरिष्ठ' लिहू प्रोफाइलवर?"

"छोटे!"

"गंमत केली हो." ती हसली. बऱ्याच दिवसांनी असं हसल्यासारखी. "सुधारणार नाही तुम्ही."

"तू सगळं खरं सांगितलंस त्यांना. नावानिशी."

"मग काय करणार? यादी वाचली बसमध्ये परत एकदा, तुम्ही काढायच्या आधी. टेकडीपाशी हसायला आलं, आणि मग एकदम रडूच. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला." थोडं थांबून ती म्हणाली, "सगळ्यांनाच असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं, भावोजी."

"संध्याकाळी ये. ताईही तोवर घरी येईल. ऑफिस सुटल्यावर ये सरळ."

"येते," छोटी म्हणाली. "ऑफिस सुटल्यावर येते."

बस आली. तोळ्यांना खिडकीची जागा मिळाली.

छोटीची नोकरी फेब्रुवारीतच गेली होती.